हात बसलेली पेटी

मिरजेत नवी चाहूलपेटी कुणी शहाणा वादक घेत नसे. नवी पेटी म्हणजे आडमुठं घोडं. तिला वळण लावता लावता तुमचाच जीव जायचा. सगळ्यांना हवी असायची ती हात बसलेली पेटी, म्हणजे एखाद्या कसलेल्या माणसानं वर्षानुवर्षं वाजवलेली आणि विकताना न पुसलेली. कंपनीवाले ओरडून सांगायचे की मालक बदलला की पेटी आधी पुसा, मगच वापरा. ऐकतो कोण? मिरजेच्या वाद्यबाजारात पुसलेली पेटी म्हणजे चव गेलेलं लोणचं.

ही चाहूलपेटी काय प्रकार आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको.

पूर्वीचे कीबोर्डवाले लॅपटॉप घेऊन स्टेजवर चढत. त्यात प्लगइन असत. प्लगइन म्हणजे संगणकात राहणारं वाद्य. सनई म्हणा, सारंगी म्हणा, पाहिजे तर पन्नास व्हायोलिनांचा ताफा म्हणा. पण नवरी मांडवात शिरायला आणि लॅपटॉप बंद पडायला एकच गाठ. म्हणून मग फक्त प्लगइनं चालवणारी दणकट पेटी निघाली. कीबोर्ड तिला जोडायचा आणि वाजवायचं. पुढं प्लगइनं इतकी खरी झाली की सनईची पत्ती किती ओली आहे, वाजवणाऱ्याच्या छातीत दम किती उरलाय, एवढ्या सगळ्याचं गणित करून मगच सूर काढू लागली. गणिताला वेळ लागतो. पट्टी दाबणं आणि सूर येणं यांत निमिषभराची फट पडू लागली. श्रोत्याला ती कळत नसे. वादकाला मात्र अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी, तसा दचका बसे.

त्यावर तोड निघाली ती मनगटपट्ट्याची. मेंदू बोटाला हुकूम देतो तो बोट हलायच्या जरा आधी मनगटाच्या नसांतून जातो. पट्टा तो वाटेतच ऐकतो आणि पेटीला सांगतो. पेटी गणिताला लागते, आणि बोट पट्टीवर पोचेस्तोवर सूर तयार. पाहुण्याची चाहूल लागताच चहाचं आधण ठेवावं तसं, म्हणून नाव चाहूलपेटी. पण प्रत्येकाच्या मेंदूची हुकूम द्यायची ढब निराळी असते. पेटीला ती शिकावी लागते, आणि शिकून झाली की ती पेटीत मुरते. या मुरलेल्या ढबीला म्हणायचे हस्तठसा, आणि तो खोडून पेटी कोरी करण्याला पेटी पुसणं.

ओजस गुरवला अशी पेटी हवी होती. सात पिढ्या देवळात चौघडा-सनई वाजवणाऱ्या घरातला हा मुलगा लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बोटं तयार होती, कान तयार होता. दोष एकच, हात उतावळा. ठेका यायच्या आधी हा हजर. "तुला कुठं गाडी पकडायचीय का रे?" असं ऑक्टोपॅडवाला सर्फराज त्याला भर स्टेजवर विचारायचा. ओजस हसायचा आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचा.

स्वप्नील शिंगटेंची पेटी विकायला निघाल्याचं कळलं तेव्हा तो चप्पल घालायचं विसरूनच निघाला. त्या पिढीत गल्लीला दोन-दोन स्वप्नील असत, पण कीबोर्डवाला स्वप्नील म्हटलं की सांगलीपासून कोल्हापुरापर्यंत एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. ठेक्याच्या किंचित मागं रेलून वाजवणारा. सूर येतोय की नाही असं वाटावं आणि मग तो निवांत येऊन मांडी घालून बसावा, असं त्यांचं वाजवणं. गणपती झाले आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, आशा काही फारशी दिली नाही. पेटी डोळ्यांसमोर असली की ते जेवत नसत, म्हणून बायकोनं, प्राजक्ताकाकूंनी, ती विकायला काढली.

मिरजेत एक रीत आहे. वाद्य हस्तांतरित होताना शेवटचं गाणं जुन्या मालकानं वाजवायचं आणि पहिलं नव्यानं. स्वप्नीलकाका खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवलेला. त्यांनी डाव्या हातानं पेटीवरून एकदा बोटं फिरवली आणि मान हलवली. झालं शेवटचं गाणं.

ओजसनं पट्टा मनगटाला बांधला आणि वाजवायला सुरुवात केली. सवयीप्रमाणं हात पुढं धावला, पण सूर धावला नाही. पेटीला मुळी घाईचा हुकूम माहीतच नव्हता. ती आपल्या जुन्या मालकाच्या हिशेबानं चालली होती. ओजसला हात आवरता घ्यावा लागला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा सूर ठेक्याच्या मागून, सावकाश आला. काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पुसणार का रे पेटी?" काकूंनी विचारलं.

"छे हो काकू! एवढा हात बसलाय, पुसतोय कशाला?"

"नको पुसूस. तेवढं तरी राहू दे त्यांचं."

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. ओजसचं नाव महिन्याभरात झालं. लोक कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे येऊन त्याचा हात हातात घेत. सर्फराज म्हणाला, "गाडी चुकली वाटतं तुझी. बरं झालं चुकली." पुण्याच्या एका मोठ्या संचाचा माणूस येऊन ऐकून गेला आणि मोसम संपल्यावर बघू म्हणाला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं.

अन् नेमका तेव्हाच डॉ. नाझनीन मुजावर यांचा फोन आला, पेटी घेऊन भेटायला या म्हणून.

डॉ. मुजावर इस्पितळात झटका आलेल्या माणसांचे हातपाय पुन्हा चालते करायच्या विभागात काम करत, आणि स्वप्नीलकाकांचे उपचार त्यांच्याकडंच चालले होते. ओजस पेटी घेऊन गेला तेव्हा काकूही तिथंच बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी पेटीकडं असं पाहिलं, जणू हरवलेलं पोर सापडलं.

"ओजस, झटका येतो तेव्हा हात नाही मरत," त्या म्हणाल्या. "हात ठणठणीत असतो. हुकूम सोडणारी मेंदूतली जागा मरते. शेजारची जागा ते काम शिकू शकते, पण शिकवायचं कुणी? माझ्याकडं एक हातमोजा आहे. तो स्नायूंना विजेचे बारीक झटके देऊन हात हलवतो आणि मेंदूला दाखवतो, बघ, असं हलायचं. रोज, महिनोन्‌महिने. पण 'असं' म्हणजे कसं? आम्ही सरसकट साऱ्यांची सरासरी काढलेली हालचाल शिकवतो. चमचा धरता येतो, बटण लागत नाही. त्या माणसाची स्वतःची जुनी ढब मिळाली, तर मेंदू फार लवकर ओळखतो. पण कुणाकडं असते ती नोंद? झटका यायच्या आधी आपल्या हाताचे हुकूम कोण साठवून ठेवतं?"

"स्वप्नीलकाकांनी ठेवलेत," ओजस हळूच म्हणाला.

"बरोबर. या पेटीत."

"मग नक्कल काढून घ्या की डॉक्टर. पेटी कशाला पाहिजे?"

"नक्कल फाइलची निघते. हा ठसा फाइल नाही. पाटा-वरवंटा वापरून पाट्याला खळगा पडतो ना, तसा आतल्या चिपला पडलेला आहे. खळग्याची नक्कल कशी काढणार? पाटाच लागतो."

मोसम ऐन भरात होता, तारखा दिलेल्या होत्या. नवी पेटी रुळायला वर्ष जातं. आणि खरं सांगायचं, तर त्याला भीती वेगळीच होती. ही पेटी गेली की आपण पुन्हा तोच उतावळा ओजस, ही भीती.

काकूच म्हणाल्या, "मॅडम, पोराच्या तारखा आहेत. त्याच्या पोटावर पाय नको."

डॉ. मुजावरांनी विचार केला. काकांच्या खांद्यात अजून पुरेशी ताकद नव्हती. आधीचे व्यायाम व्हायचे होते. "पौषात लग्नं नसतात ना? तेव्हा आणून द्या. मात्र एक अट. पेटीला शिकायचं कुलूप असतं, तो मागचा खटका. तो आजपासून बंद. तुम्ही वाजवता तेव्हा पेटी तुम्हालाही शिकत असते, म्हणजे काकांच्या खळग्यात तुमचा खळगा पडतो. तुम्हीही पेटीला शिकत असता ते वेगळंच, दोघं अर्ध्या वाटेवर भेटता. तुमचा हात बदलला तर बदलू दे, तो फायदाच. पण पेटी बदलता कामा नये."

"इतके दिवस उघडंच होतं की," ओजस चाचरत म्हणाला.

"थोडक्या दिवसांचं चालून जाईल. इथून पुढं नाही."

आता वाद्याला कुलूप लावायचं म्हणजे गुरवांच्या घरात जीव जाण्यासारखं. वाद्य वाजतं पाहिजे, उघडं पाहिजे, कोंडलं की रुसतं, हे ओजसनं पाळण्यात ऐकलेलं. म्हणून तर पेटी घेतल्यापासून त्यानं खटक्याला बोट लावलं नव्हतं. तरी त्यानं त्या दिवशी डॉक्टरांसमोर, काकूंसमोर खटका बंद केला. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

इचलकरंजीचं लग्न. मांडव खचाखच भरलेला. ओजस अस्वस्थ होता, घाम आलेला, आणि हात पुन्हा पहिल्यासारखा पळत होता. कुलूप नसताना पेटी रोजचा घाम, थकवा, मनाची घालमेल थोडीथोडी समजून घ्यायची. आता तिनं समजून घ्यायचं सोडलं होतं. नवरी दारात आली, सनईचा सूर उचलायचा होता, आणि सूर कुठं आधी पडला, कुठं पडलाच नाही. लोकांनी माना वळवल्या. नवरीचे वडील स्टेजकडं बघू लागले. सर्फराजनं भुवया उडवल्या. आणि पहिल्या रांगेत पुण्याच्या संचाचा माणूस बसलेला.

ओजसचा हात पेटीमागं गेला. एका गाण्यापुरतं, तो मनात म्हणाला. एका गाण्यानं काय होतंय?

खटका उघडला, आणि दोन कडव्यांत पेटी पुन्हा त्याची झाली. मांडव डोलू लागला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं खटका बंद केला. पुढच्या लग्नात पुन्हा उघडला. मग प्रत्येक लग्नात उघडायचा आणि घरी आल्यावर, देवाला नमस्कार करावा तसा, न चुकता बंद करायचा. आपण काय करतोय हे त्याला नीट ठाऊक होतं. उशीवरचा काकांचा तो हात त्याला जेवताना दिसे. तो मनाशी म्हणे, आजच्यापुरतं. चोरालाही अशीच झोप लागत असावी, तुकड्यातुकड्यांनी. पौषात पेटी द्यायला गेला तोवर पुण्याच्या संचातली जागा पक्की झाली होती.

"कुलूप होतं ना सगळा वेळ?" डॉ. मुजावरांनी विचारलं.

"होतं."

आणताना होतंच की. माणूस स्वतःशी वकिली करायला लागला की असली वाक्यं सुचतात.

पडताळून पाहायला डॉक्टरांकडं आधीचा ठसा कुठं होता? त्यांनी हातमोजा पेटीला जोडला. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही. मग काकांचं मधलं बोट हललं. मग अंगठा. काकू रोज फोन करून ओजसला सांगायच्या, "आज पेला धरला बघ," "आज शर्टाचं बटण लावलं, स्वतः!" प्रत्येक फोनला ओजस "वा वा काकू" म्हणायचा आणि घाईनं फोन ठेवायचा. न राहवून तो एकदा डॉक्टरांकडं गेला.

"डॉक्टर, सहज विचारतो. समजा ठशात दुसऱ्या कुणाचं काही मिसळलं असतं तर?"

"तर तेही शिकले असते. मेंदूला काय? जे आपल्या इच्छेनं हलतं ते त्याला आपलंच वाटतं. तक्रार करत नाही तो."

"आणि नंतर वेगळं काढायचं म्हटलं तर?"

"कसं काढणार? मूळ ठसा कुठून आणायचा? आणि पुन्हा शिकवायला आधी हात पुन्हा लुळा पाडायचा का?" त्या थांबल्या. "का विचारताय?"

"काही नाही. गंमत म्हणून."

डॉ. मुजावरांनी त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. दारात पुढचा पेशंट खोळंबला होता, त्या उठल्या.

पाडवा झाला, उन्हं तापली. हातमोज्याचं काम संपलं, काका पेटी घेऊन घरी आले; ओजसनं ती परत मागितलीच नाही. ओजस पुण्याला नव्या पेटीवर वाजवू लागला होता, आणि आश्चर्य म्हणजे ती पेटी रुळायला मुळीच त्रास झाला नाही. हात निवांतच राहिला. लोक म्हणायचे, काय ठेहराव आहे पोराचा! त्या कौतुकाचा एक एक शब्द त्याला टोचायचा. काकूंचे फोन त्यानं उचलायचे बंद केले. शेवटी एकदा काकूंचा निरोप आला, जेवायला नको येऊस पण भेटून तरी जा. तेव्हा त्यानं ठरवलं, आता सांगून टाकायचं. काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत.

दुपारची वेळ. काकांनी स्वतः दार उघडलं. "ये... ये ओजस!" त्यांनी उजवा हात पुढं केला. ओजसनं तो धरला, आणि धरतो न धरतो तोच काकांनी झटकन काढून घेतला. रागानं नव्हे, ते हसत होते. हाताची चालच तशी होती. ओजसला ती अनोळखी नव्हती, तिच्यापायी त्यानं वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या होत्या.

काका आतल्या खोलीत जाऊन पेटी वाजवायला बसले. काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. ओजस समोर पाटावर बसला. आतून सूर येऊ लागले, सफाईदार, चढाओढीनं ठेक्याच्या पुढं पळणारे.

"ऐकतोयस?" काकू म्हणाल्या. "सगळे म्हणतात चमत्कार झाला. झालाच रे. मी नाही म्हणत नाही. देवाला नारळ फोडून आले."

"काकू, मला तुम्हाला एक..."

"थांब, माझं ऐक आधी. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही." त्यांनी आवाज खाली केला. "तो हात मला परका वाटतो. लाज वाटते सांगायला. लग्न झाल्यापासून हे माझा हात हातात घेऊन बसायचे, बोलायचे नाहीत काही, नुसता अंगठा बोटांवरून फिरवत राहायचे, सोडायची घाई नसायची. आता घेतात आणि टाकतात. पाठीवरनं हात फिरवतात तो असा, जेवल्यावर ताट पुसल्यासारखा. प्रेम आहे रे, डोळ्यांत दिसतं. पण हात लागला की अंगावर काटा येतो. काल मी झोपेत तो ढकलून दिला. हा माणूस मरता मरता वाचला, आणि मी त्याचा हात ढकलते!"

"काकांना... त्यांना काही वाटत नाही?"

"त्यांना? ते म्हणतात मी पहिल्यापासून असाच वाजवायचो. शपथेवर सांगतात. मी काय बोलू?" काकूंनी पदरानं डोळे टिपले. "डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. म्हणजे माझ्यातच खोट आहे ना रे? आजारी माणसाचं करून करून माझंच मन आटलं असेल का?"

सांगायची हीच वेळ होती. ओजसच्या जिभेवर शब्द आले होते. तो फक्त "नाही काकू, तुमचं काही चुकत नाही, माझं चुकलं" एवढंच म्हणाला असता तर त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण मग काय? हात तर परत यायचा नव्हता. उलट कुणाचा हात आपल्याला लागतो हे त्यांना कळलं असतं, आणि मग त्या घरात राहणार कशा? असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि त्यात खरी किती काळजी, किती भेकडपणा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"सवय होईल, काकू," तो म्हणाला. "आजारानंतर होतं असं. थोडा वेळ द्या त्यांना."

आणि धीर द्यायला त्यानं मेथीच्या जुडीवर टेकलेल्या काकूंच्या हातावर आपला हात ठेवला.

तो हात घाईनं आला नव्हता. सावकाश येऊन, जरा थांबून, मग पुरता टेकला होता, आणि अंगठा त्यांच्या बोटांच्या पेरांवरून हळू मागं-पुढं फिरत होता. ओजसला त्याचं भानही नव्हतं. काकूंनी आधी त्या हाताकडं पाहिलं. मग मान वर करून ओजसच्या तोंडाकडं पाहिलं, बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आत गाणं जोरात चाललं होतं.

ओजसनं हात उचलायला घेतला, तेव्हा काकूंनी डोळे मिटून तो घट्ट धरून ठेवला.